ज्या मुलांची भाषा शिक्षिकेला येत नाही, त्यांच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाविषयी

प्रति,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालय, नवी मुंबई,
आणि अंगणवाडी सेविकांच्या बालशिक्षण अभ्यासक्रमावर काम करणारे सर्व अभ्यासगट

विषय : तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणात निरनिराळ्या भाषांच्या व परिस्थितीच्या वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष कामाला हक्काची जागा मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी अकरा वर्षे सोलापुरात बालवाडी चालवली आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ बालवाडी शिक्षिका व अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणाचे काम केले. आता मी निवृत्त आहे. कोणत्याही संघटनेच्या वतीने हे पत्र लिहीत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ या वयाचा पाच वर्षांचा पायाभूत स्तर मानला, त्यातील पहिल्या तीन वर्षांची मोठी जबाबदारी अंगणवाडीवर सोपवली, आणि बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. या शिफारशीचे मी मनापासून स्वागत केले होते आणि आजही करते. माझी विनंती त्या अभ्यासक्रमाच्या एकाच अंगाविषयी आहे, परंतु ते अंग दुबळे राहिले तर बाकीचा अभ्यासक्रम कितीही चांगला लिहिला तरी तो मुलापर्यंत पोहोचणार नाही, असे मला अनुभवावरून वाटते.

माझे स्वतःचे प्रशिक्षण १९८८-८९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील एका संस्थेत झाले. वर्षभराचा अभ्यासक्रम होता. बालमानसशास्त्राची वही होती, साधनांची वही होती, पाठाची टाचणे होती आणि संस्थेच्याच बालवर्गात घ्यायचे वीस सरावपाठ होते. त्या वर्गातील मुले संस्थेच्या आसपासच्या नोकरदार कुटुंबांतील होती, मराठी बोलणारी होती, आणि दर वर्षी नव्या ताई येऊन पाठ घेतात याची त्यांना इतकी सवय झालेली होती की प्रश्न विचारण्याआधीच ती उत्तर देत. माझे विसाच्या वीस पाठ चांगले झाले. प्रमाणपत्रावर पहिली श्रेणी मिळाली. मी शिकवायला तयार झाले आहे, असे मला आणि माझ्या शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटत होते.

लग्नानंतर मी सातारा जिल्ह्यातून सोलापुरात आले आणि शहराच्या पूर्व भागातील एका बालवाडीत रुजू झाले. ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की हा मागवाल्या विणकरांचा आणि विडी कामगारांचा भाग आहे. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबे घरात तेलुगू बोलतात, शेजारची घरे कन्नड बोलतात, त्यापलीकडची मोहल्ल्यातली मुले दखनी उर्दू बोलतात, आणि मराठी ही या सर्वांची बाजारातली, कचेरीतली भाषा आहे. मोठ्यांना ती अस्खलित येते. परंतु तीन वर्षांचे मूल बाजारात किंवा कचेरीत गेलेले नसते. माझ्या वर्गात चौतीस मुले होती आणि त्यांपैकी घरून मराठी घेऊन आलेली मुले नऊ होती.

पहिल्याच आठवड्यात साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ येऊन, माझा पदर धरून, "नीळ्ळु, नीळ्ळु" असे म्हणू लागली. समोर रंगीत खडूंची पेटी उघडी होती. मी मोठ्या कौतुकाने त्यातला निळा खडू काढून तिच्या हातात दिला. तिने खडूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तेच म्हटले. मी तिला कागद दिला. ती रडू लागली, तेव्हा मी तिला उचलून घेतले आणि शिकलेले बडबडगीत म्हणू लागले. शेवटी आमच्या बालवाडीतील ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना मुले आणि आयाही अक्का म्हणत, त्या उठल्या, त्यांनी माठातले पाणी पेल्यात घेतले आणि मुलीच्या ओठांना लावले. तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. मे महिन्याच्या आधीचे सोलापूरचे ऊन होते, मूल तहानलेले होते, आणि पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र मिळवलेली शिक्षिका त्याला रंग ओळखायला शिकवत होती.

अक्का मला रागावल्या नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून एक आठवडा वर्गात शिकवू दिले नाही, एवढेच. बालवाडी सुटल्यावर रोज एका मुलाच्या घरी जाऊन तासभर बसायचे, काही शिकवायचे नाही, काही सांगायचे नाही, मूल काय करते आणि काय बोलते ते पाहायचे आणि संध्याकाळी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवायचे, असे त्यांनी सांगितले. मी गेले. घरोघरी आया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असत, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि पाहुणी आली म्हणून हात थांबवणे त्यांना परवडत नाही. पत्र्याच्या साच्याने तेंदूचे पान कापले की कडेची कात्रणे खाली पडत आणि आईला टेकून बसलेले मूल ती कात्रणे उचलून खेळत असे. जो मुलगा बालवाडीत पेन्सिल धरत नाही म्हणून मी त्याच्यापुढे "हाताच्या स्नायूंचा विकास अपुरा" असे लिहिले होते, तो घरी त्या कात्रणांच्या इतक्या बारीक घड्या घालत होता आणि लहानमोठ्या आकारांप्रमाणे त्यांच्या इतक्या नेमक्या रांगा लावत होता, की मी माझ्या वहीतील ते वाक्य रात्री खोडून टाकले. त्याच्या हातात काहीच कमी नव्हते. पेन्सिल त्याने कधी पाहिलेली नव्हती. तंबाखूच्या धुळीत लहान मुलाने बसू नये हे मला तेव्हाही कळत होते आणि त्याविषयी आम्ही आयांशी बोलतही होतो, परंतु त्या मुलाला काय येते हे कळण्यासाठी आधी तिथे जाऊन बसावे लागले.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते वर्षभराच्या अभ्यासक्रमात नव्हते, आणि आज इतक्या वर्षांनंतरही बहुतेक प्रशिक्षणांत नसते. माझ्या संस्थेचा मला राग नाही. तिने मला जे शिकवले ते खरे होते, पण एकाच प्रकारच्या मुलांवर तपासून घेतलेले होते.

हे महाराष्ट्राला नवे नाही, म्हणूनच खंत अधिक वाटते. १९२६ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा त्यांच्यासमोर मॉन्टेसरी पद्धतीचा आदर्श होता. त्या पद्धतीची साधने महाग होती आणि ती वापरणारी बालमंदिरे शहरी, सुस्थित मुलांची होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि तिथे त्यांना दिसले की गावातील दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे येतच नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडी उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. आपण आज जो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो, तो अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली गेली. परदेशी साधनांची जागा खडे, बिया, शिंपले, पाने यांनी घेतली. बालसेविकांचे प्रशिक्षणही तिथेच, त्या मुलांच्या सहवासात होत असे. सकाळी मुलांबरोबर काम करायचे आणि नंतर त्यावर बोलायचे, हा त्या शिकण्याचा कणा होता.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्यात धारणी आणि धारावी ही ठिकाणे निवडली गेली होती. एक मेळघाटातील कोरकू गावांचा डोंगराळ तालुका आणि दुसरी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांची मुंबईतील वस्ती. म्हणजे या योजनेला पहिल्या दिवसापासून ज्या मुलांना सामोरे जायचे होते, ती मराठी पाठ्यपुस्तकातील मुले नव्हतीच. आज राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. अक्कलकुवा-धडगावकडे भिली व पावरी, पालघरात वारली, कोकणा व कातकरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया, यवतमाळात कोलामी आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी, भिवंडीत उर्दू आणि तेलुगू, जत-अक्कलकोटकडे कन्नड. यांतील काही बोली मराठीच्या बहिणी आहेत, परंतु गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातील आहेत आणि कोरकू तर मुंडा शाखेतील आहे. त्या भाषा ऐकून ऐकून मराठी माणसाला समजतील अशी आशा धरता येत नाही.

आता प्रशिक्षण कसे होते ते पाहू. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने "पोषण भी, पढाई भी" हा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात सेविकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरले. खेळाला मध्यवर्ती स्थान दिले गेले याचा मला आनंद झाला. परंतु तीन दिवसांत आहारही आला, वाढीचे टप्पेही आले, खेळ, गाणी, साधने आणि दिव्यांग मुलेही आली. शिवाय असे प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून प्रकल्पाकडे, प्रकल्पाकडून बीटकडे, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालील अंगणवाड्यांच्या गटाकडे, अशा साखळीने उतरते, आणि प्रत्येक पायरीवर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारी व्यक्ती, बदलते. वरच्या पायरीवर ज्या गोष्टीवर दोन तास चर्चा झालेली असते, ती खालच्या पायरीवर पडद्यावरच्या एका ओळीत आलेली मी अनेकदा पाहिली आहे. "मुलाच्या घरच्या भाषेचा आदर करा" ही अशीच एक ओळ आहे. सेविका ती वहीत उतरवून घेते. आदर करायचा म्हणजे सकाळी साडेदहा वाजता, पंचवीस मुले समोर असताना, नेमके काय करायचे, हे तिला कोणी करून दाखवलेले नसते.

सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाविषयी धोरणाने म्हटले आहे की तो दूरस्थ पद्धतीने, मोबाइल व दूरचित्रवाणीच्या साहाय्याने, सेविकेच्या चालू कामात कमीत कमी खंड पडेल असा द्यावा आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. यामागची अडचण मी समजू शकते. एवढ्या सेविकांना एकाच वेळी केंद्रात बोलावणे शक्य नाही, आणि बालविकासाचे टप्पे, मेंदूची वाढ, खेळाचे प्रकार हे विषय चांगल्या चित्रफितीतून उत्तम शिकवता येतात. माझा आक्षेप पडद्याला नाही. पडद्यावर जे शिकता येत नाही त्याला अभ्यासक्रमात ठरलेले तास, ठरलेली जागा आणि ठरलेली माणसे असावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

मेळघाटातील एक सकाळ मला येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी धारणी तालुक्यात गेले असता एका अंगणवाडीत बसण्याची संधी मिळाली. सेविका त्याच गावची होती, परंतु कोरकू कुटुंबातील नव्हती. ती मेहनती होती, तिने स्वतःच्या हाताने चित्रे काढून दोरीवर टांगली होती. तिने माठाचे चित्र दाखवून विचारले, "यात काय असते?" मुले गप्प. तिने पुन्हा विचारले, मग स्वतःच "पाणी" असे सांगितले आणि मुलांनी एका सुरात "पाणी" म्हटले. मागे चुलीपाशी मदतनीस खिचडी ढवळत होती. तिने मान वर न करता कोरकूत एक वाक्य टाकले, आणि अर्धी मुले एकदम "डा, डा" करत बोलू लागली. एका मुलाने उठून कोपऱ्यातल्या खऱ्या माठाकडे बोट दाखवले, दुसरा काहीतरी लांबलचक सांगू लागला, ज्यात नदी होती असे मदतनीस नंतर म्हणाली, आणि एक मुलगी चित्रातल्या माठाला ओंजळ लावून पिण्याचा अभिनय करू लागली. तीन मिनिटे वर्ग जिवंत झाला होता. मग मदतनीस पुन्हा खिचडीकडे वळली आणि सेविकेने पुढचे चित्र घेतले.

मी नंतर विचारले, मदतनीस ताई प्रशिक्षणाला येतात का? सेविकेला प्रश्नच नवा वाटला. मदतनीस आली तर खिचडी कोण शिजवणार, असे ती म्हणाली, आणि तिचे चूक नव्हते. आपल्या व्यवस्थेने मदतनिसीकडे झाडणे, पाणी भरणे, शिजवणे आणि मुलांना घरून आणणे ही कामे दिली आहेत आणि तिचे प्रशिक्षणही त्या कामांपुरतेच असते. परंतु आदिवासी पाड्यांवर मुलांची भाषा ज्या एका व्यक्तीला पक्की येते, जिला मुलांच्या आज्यांची गाणी आणि कोडी ठाऊक असतात, ती व्यक्ती अनेकदा मदतनीसच असते. राज्याने २०२३ पासून मदतनिसीसाठीही बारावीची पात्रता ठेवली आहे. नव्याने येणारी मदतनीस शिकलेली असणार. तरीही बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाचा विचार करताना तिचे नाव आपल्या मनात येत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की सेविका आणि मदतनीस या दोघींना जोडीने प्रशिक्षण द्यावे. गोष्ट दोन भाषांत कशी सांगायची, एकीने मराठी वाक्य बोलल्यावर दुसरीने त्याचा नुसता अनुवाद न करता मुलांना त्यांच्या भाषेत बोलते कसे करायचे, मुलाने कोरकूत दिलेले उत्तर बरोबर मानून त्यावर पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे दोघींनी एकत्र बसून, एकमेकींसमोर करून पाहण्याचे काम आहे. ते एकटीला शिकवून होत नाही.

भाषेचा आणखी एक भाग असा, की नव्या भाषेत येऊन पडलेले लहान मूल पुष्कळदा काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहते. ते ऐकत असते, समजून घेत असते, खेळात सामील होत असते, फक्त बोलत नाही. ज्या शिक्षिकेला हे माहीत नसते ती त्या मुलापुढे "अबोल", "लाजाळू" आणि शेवटी "मंद" असे शब्द लिहिते, आणि हे शब्द त्याच्याबरोबर पहिलीपर्यंत जातात. हे समजावून सांगण्यासाठी मी प्रशिक्षणाचा पहिला तास पूर्णपणे तेलुगूत घेत असे. अक्कांनी शिकवलेली माझी तेलुगू काही मोठी नव्हे, परंतु गोष्ट सांगण्यापुरती होती. वर्गात येताच "इक्कड रा, कूर्चो" अशी सुरुवात करून मी गोष्ट सांगे, प्रश्न विचारी, उत्तर आले नाही की जरा मोठ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारी. मराठीचा एक शब्दही उच्चारत नसे. दहा मिनिटांत वर्गातील चित्र बदलत असे. काही जणी शेजारणीशी बोलू लागत, एखादी वहीच्या मागच्या पानावर रांगोळीचे ठिपके काढू लागे, कोणी पाणी प्यायला बाहेर जाई, आणि ज्या सेविका जिल्ह्यात हुशार म्हणून ओळखल्या जात त्या खाली मान घालून बसत. तासानंतर मी मराठीत एवढेच विचारत असे, की या तासात तुमच्यापैकी कोणाकोणाची बुद्धी कमी झाली? एकदा एक सेविका उठून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे फासेपारध्यांची दोन पोरं येतात, ती मागच्या भिंतीला टेकून अशीच बसतात." तिने पुढे काही म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. असा एक तास राज्यातील प्रत्येक प्रशिक्षणात ठेवता येईल. त्याला खर्च नाही. त्यासाठी सुलभकाला इतरांना न येणारी एखादी भाषा आली पाहिजे, आणि अशी माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

स्थलांतरित मुलांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वीटभट्ट्यांचे आणि शहरांतील बांधकामांचेही तसेच. अशा तळावर मुले कधीही येतात, कधीही जातात, आणि चार वर्षांची मुलगी कडेवर सहा महिन्यांचे भावंड घेऊन येते. वार्षिक नियोजनावर घडवलेली शिक्षिका तिथे गोंधळून जाते, कारण उद्या कोण असेल हे तिला ठाऊक नसते. तिथे रोजचा दिवस त्या दिवसापुरता पूर्ण असावा लागतो आणि तान्ह्या बाळासाठी झोळी बांधावी लागते. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस या पाळणाघरांचे काम सुरू केले आणि पुढे ते मुंबईतही आले. तिथल्या कार्यकर्त्या हे सारे कामाच्या जागेवरच शिकत गेल्या, आणि ते कौशल्य आज आपल्याच राज्यात उपलब्ध आहे. ते सेविकांपर्यंत आणण्याची व्यवस्था मात्र हवी. दिव्यांग मुलांबाबतही मला इतकेच सांगायचे आहे, की हाक मारल्यावर न वळणारे मूल हट्टी आहे की त्याला ऐकू येत नाही, हे ओळखण्याची नजर व्याख्यानाने येत नाही. अशा मुलाबरोबर काम करणाऱ्या बाईशेजारी काही दिवस बसल्यावर ती येऊ लागते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष निरीक्षणाचा आणि कामाचा असावा, म्हणजे एकूण सुमारे सव्वीस दिवस होतील. त्यांपैकी निम्मे दिवस सेविकेने स्वतःच्याच अंगणवाडीत, परंतु अनुभवी मार्गदर्शिकेच्या उपस्थितीत काम करावे. उरलेले निम्मे दिवस तिने आपल्याहून वेगळ्या परिस्थितीतील अंगणवाडीत काढावेत. सोलापूरच्या विडी वसाहतीतील सेविकेने मंगळवेढ्याच्या शेतवस्तीवर जावे, तिथल्या सेविकेने शहरात यावे, धारणीतील सेविकेने अमरावतीच्या झोपडपट्टीत काही दिवस घालवावेत. बहुतेक ठिकाणी यासाठी दूरच्या प्रवासाची गरज नाही. आपल्या राज्यात एकाच तालुक्यात तीन भाषा आणि चार प्रकारची जीवनमाने सापडतात.

सेविका बाहेर गेली तर तिची अंगणवाडी बंद राहील, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. गरोदर व स्तनदा मातांचा आहार, वजने, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरची रोजची नोंद, यांपैकी काहीच थांबवता येत नाही. परंतु मदतनिसीचे बालशिक्षणाचे प्रशिक्षण झालेले असेल तर आठवड्यातील एक दिवस ती मुलांना सांभाळून तर घेईलच, शिवाय कोरकू किंवा कोलामी वस्तीत तो दिवस मुलांच्या बोलण्याचा सर्वांत भरगच्च दिवस ठरेल. त्या दिवशीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी भरण्याची मुभा देणे एवढे आपल्याला करावे लागेल. ते प्रशासनाच्या हातात आहे.

मार्गदर्शिका कोठून आणायच्या, हा दुसरा प्रश्न. धोरणाने हे काम शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांकडे सोपवले आहे. केंद्रप्रमुखांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांची घडण प्राथमिक शाळेत झालेली असते आणि तीन वर्षांच्या मुलाबरोबर जमिनीवर बसण्याचा अनुभव त्यांच्यापैकी फार थोड्यांना असतो. शाळेतील पाठ पाहण्याची नजर घेऊन ते अंगणवाडीत आले की फळ्यावर अक्षरे आहेत का, हे आधी पाहतात, आणि मग सेविकाही फळ्यावर अक्षरे लिहू लागते. प्रत्येक बीटमध्ये वीस-पंचवीस वर्षे काम केलेली, मुलांच्या दोन-तीन भाषा येणारी, कोणतेही साधन नसताना चिंचोके आणि पाने घेऊन दोन तास मुले रमवणारी एक तरी सेविका असते. पर्यवेक्षिकांना विचारा, त्या एका क्षणात तिचे नाव सांगतील. तिची मार्गदर्शिका म्हणून नेमणूक करावी, तिला त्या कामाचे लेखी अधिकार आणि वेगळे मानधन द्यावे, आणि ते मानधन प्रोत्साहन भत्त्याच्या नावाखाली सहा महिन्यांनी न येता दर महिन्याला यावे. तिने आयुष्यभर जे कमावले आहे ते आजवर आपण तिच्याकडून फुकट घेत आलो आहोत.

मूल्यमापनाविषयी एक सूचना आहे. मोबाइलवर चार पर्यायांतून एक निवडण्याची चाचणी घेणे सोपे आहे आणि ती ठेवायची तर ठेवावी. परंतु प्रमाणपत्र देताना सेविकेची निरीक्षण वही वाचली जावी. तिने सहा महिने एकाच मुलाविषयी, शक्यतो ज्याची घरची भाषा तिला येत नाही अशा मुलाविषयी, आठवड्याला एक पान लिहावे. त्या पानावर मुलाने काय केले ते असावे, मूल कसे आहे याविषयीचा शेरा नसावा. पहिल्या महिन्यातील पाने आणि शेवटच्या महिन्यातील पाने शेजारी ठेवली की प्रशिक्षणाने काय साधले ते कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट दिसते. अक्कांनी माझी वही अशीच वाचली होती आणि जिथे मी "मुलगा ऐकत नाही" असे लिहिले होते तिथे त्यांनी पेन्सिलीने फक्त एक प्रश्न लिहिला होता : कोणत्या भाषेत?

शेवटची विनंती अभ्यासगटांतील सदस्यांना व्यक्तिशः आहे. अभ्यासक्रमाचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी आपणापैकी प्रत्येकाने एक पूर्ण सकाळ, मुले येण्याच्या वेळेपासून खिचडी होऊन मुले घरी जाईपर्यंत, अशा अंगणवाडीत काढावी जिथल्या मुलांची भाषा आपल्याला येत नाही. आधी कळवू नये, बरोबर अधिकारी नेऊ नयेत, खुर्ची मागू नये. सोलापूरच्या पूर्व भागात आपण येणार असाल तर मी आपल्यासोबत येईन, दुभाषी म्हणून मात्र नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका व प्रशिक्षिका
सोलापूर